गॉलवेचे मतदार

दिवाळीच्या फराळाला चार माणसे बसली की निवडणुकीच्या गप्पा निघतातच. 'अमक्याला तिकीट दिले कोणी?' हा त्यातला हमखास प्रश्न. तो ऐकला की मला आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे गॉलवे शहर आठवते.

लोकमान्यांनी १९१६ साली 'होमरूल' हा शब्द आपल्या घरोघरी नेला, तो मूळचा आयर्लंडचा. तिथल्या होमरूल पक्षाचा पुढारी होता पार्नेल. १८८५ साली त्याच्या पक्षाचे टी. पी. ओकॉनर गॉलवे आणि लिव्हरपूल अशा दोन्हीकडून निवडून आले. त्यांनी लिव्हरपूल ठेवले, गॉलवे मोकळे झाले. तिथे १८८६ च्या फेब्रुवारीत पार्नेलने पुढे केले कॅप्टन ओशे यांना. हे गृहस्थ पक्षाची शपथ घ्यायलाही तयार नव्हते! मग त्यांच्यासाठी एवढा हट्ट का? कॅप्टनसाहेबांच्या पत्नीशी पार्नेलचे संबंध होते, हे त्याच्या जवळच्या सहकाऱ्यांना ठाऊक होते. हीली आणि बिगर हे त्यांतले दोघे गॉलवेला जाऊन उघड विरोध करू लागले. तेव्हा पार्नेल स्वतः धावला. ऐन वेळी मला धक्का दिलात तर होमरूलच हातचे जाईल, असे त्याने बजावले. हीली नमला, लोकांनी पुढाऱ्याची लाज राखली.

फळ काय मिळाले? जूनमध्ये होमरूलचे विधेयक ३४३ विरुद्ध ३१३ मतांनी पडले. कॅप्टनसाहेबांनी मतच दिले नाही. राजीनामा देऊन ते मोकळे झाले. १८८९ च्या अखेरीस त्यांनीच घटस्फोटाचा दावा लावला. १८९० साली पक्ष फुटला, आणि १८९१ मध्ये पार्नेल पंचेचाळिसाव्या वर्षी वारला.

याच गॉलवेने १९०१ साली आर्थर लिंचला निवडले. बोअर युद्धात तो इंग्रजांविरुद्ध लढला होता, आणि हे साऱ्या शहराला माहीत होते. १९०३ साली राजद्रोहाबद्दल त्याला फाशीची शिक्षा झाली. ती पुढे जन्मठेपेवर आली, १९०४ मध्ये तो सुटला आणि १९०९ साली पश्चिम क्लेअरमधून पुन्हा पार्लमेंटात गेला.

गॉलवे शहराचा तो स्वतंत्र मतदारसंघ १९१८ साली बंद झाला. पण त्याच्या या दोन निवडणुकींतला फरक मला मोलाचा वाटतो. लिंचला मत देणाऱ्याला आपण काय करतो आहोत ते स्वच्छ दिसत होते. ओशेंच्या वेळी खरे कारण पुढाऱ्याने आपल्यापाशी ठेवले आणि किंमत देशाने मोजली. पुढाऱ्यावर विश्वास जरूर ठेवावा. मात्र त्याने माणूस पुढे केला की 'हाच का?' एवढे तरी विचारावे.