खो कोणी दिला, तेही लिहा

खो-खोच्या सामन्याची बातमी ठरलेल्या साच्यात येते. अमुकने इतकी मिनिटं संरक्षण केलं, तमुकने इतके गडी बाद केले. कंसात वेळ आणि आकडे आले की बातमी संपली. आम्ही प्रशिक्षकही गुणपत्रक तसंच वाचतो. माझं म्हणणं, त्या कागदावर निम्मा सामना येतच नाही.

पाठलाग करणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही, मागे वळता येत नाही. त्यामुळे गडी एकटीच्या पायांवर क्वचितच मिळतो. एकीने धावणारीला खांबाकडे रेटायचं, दुसरीने तिची वाट बंद करायची आणि नेमक्या वेळी पाठीवर हात लावून खो द्यायचा. अर्धं पाऊल आधी दिला तर समोरची हूल देऊन निसटते, उशीर झाला तर ती केव्हाच पलीकडे गेलेली असते. शेवटी जिचा हात लागतो तिच्या नावावर गडी.

तलवाड्याच्या माझ्या संघात अशी खो देणारी एक मुलगी आहे. गुडघे कायम सोललेले, पण चौकात बसली की खो मिळाल्याशिवाय तसूभर हलणार नाही. तालुक्याच्या एका सामन्यात आमचे बहुतेक गडी तिच्या खोवर मिळाले, तिच्या नावापुढे मात्र भोपळा. दुसऱ्या दिवशी तिचे वडील पारावर भेटले. "सर, पोरगी चांगली खेळली म्हणता, मग पेपरात नाव कामून नाही?" मी समजावलं. त्यांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं. त्यांचं तरी काय चुकलं?

बास्केटबॉलवाल्यांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय. बास्केट करणाऱ्याबरोबर त्याला पास देणाऱ्याच्या नावावर 'असिस्ट' लागतो. अमेरिकेच्या एनबीएत १९४६-४७ च्या पहिल्या हंगामापासून हा हिशेब आहे.

आमच्याकडे त्याची गरज जास्त. दसरा-दिवाळी झाली की गेवराई तालुक्यातली कितीतरी घरं कोयता घेऊन ऊसतोडीसाठी कारखान्याला निघतात, आणि शालेय स्पर्धाही त्याच सुमारास. जिल्ह्याला खेळलेली मुलगी विभागाला असेलच असं नाही. घरच्यांनी आजीजवळ ठेवली तर असते. कोण कुणाला कुठे खो देणार, ही जुळणी सरावानेच होते. ती तुटली आणि संघ हरला की गावातले जाणते म्हणतात, पोरींनी मेहनत घेतली नाही. हरलेला प्रत्येक संघ जीव तोडून खेळतो असं मीही म्हणणार नाही. खो देऊन रेंगाळत बसणाऱ्या माझ्याही संघात आहेत. पण मला ते मैदानाच्या कडेवरून दिसतं. नुसता निकाल वाचणाऱ्याला कुठून दिसणार?

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार प्रियंका इंगळे, मूळची आपल्याच जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. आता मैदानावर येणाऱ्या प्रत्येकीला प्रियंका व्हायचंय. व्हावंच. पण ज्याची नोंद कुठेच होत नाही, तो खो देण्यासाठी कोण झिजणार?

यात खर्च काहीच नाही. गुणलेखकाच्या कागदावर बाद झालेल्या गड्यापुढे एक रकाना वाढवा: शेवटचा खो कुणाचा. तालुका स्पर्धेपासूनच सुरुवात करा. आणि बातमी लिहिणाऱ्यांनो, कंसात तेवढं एक नाव जास्त छापा.