आधी धूर पाहा

यंत्रांच्या दुखण्यांच्या ह्या सदरात एरवी मिक्सर, गीझर, शिवणयंत्र असली घरगुती मंडळीच येतात. दिवाळी अंकात जरा ऐसपैस बसायला मिळते, म्हणून ह्या खेपेस एक अवजड पाहुणा आणला आहे : माझ्या मामांचा जुना डिझेल ट्रॅक्टर. वाचकहो, ‘आम्हांला काय त्याचे?’ म्हणून पान उलटू नका. वीज गेली की तुमच्या सोसायटीच्या आवारात गुरगुरणारा डिझेल जनरेटर ह्याचाच सख्खा भाऊ आहे, आणि तोही नेमका लिफ्टमध्ये कुणाची तरी आजी अडकलेली असतानाच रुसून बसतो.

गेल्या दिवाळीला मी प्रवरेच्या काठी मामांकडे गेलो होतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरात अभ्यंगस्नानाची गडबड, आणि मामा मात्र अंगाला तेल लावलेल्या अवस्थेतच शेडमध्ये ट्रॅक्टरपुढे उभे. चार एकर हरभरा पेरायचा राहिला होता. काळ्या रानातला वाफसा काही सणासाठी थांबत नाही. वरची ओल उडाली की बी कोरड्यात पडते. भाड्याचा ट्रॅक्टर मागावा, तर त्या दिवसांत त्याच्यापुढे अर्धे गाव रांगेत. आणि घरचा ट्रॅक्टर आठवडाभर सकाळी सुरूच होत नव्हता. कसाबसा एकदा चालू झाला की दिवसभर पहिल्या हाकेला ओ देई. रात्र मध्ये गेली की पुन्हा मुका. मेकॅनिकने निकाल देऊन टाकला होता : “इंजिन बसलंय. रिंगा, लायनर, सगळं काम काढावं लागेल.” खर्चाचा आकडा ऐकून मामींनी आपल्या हातांतल्या पाटल्यांकडे पाहिले, ते माझ्या नजरेतून सुटले नाही.

मीही काही कमी शहाणा नाही. स्टार्टर जड फिरतो असे पाहून मी तडकाफडकी सांगितले, “मामा, बॅटरी गेली आहे.” नवी बॅटरी आली. स्टार्टर तसाच जड! मग कुठे तारा चाचपल्या. स्टार्टर मारल्याबरोबर अर्थिंगच्या पट्टीचे एक टोक हाताला चांगले गरम लागले. जोड कळकला, गंजला की वीज तिथेच उष्णता होऊन वाया जाते. बॅटरीवरचा पांढरा थर मामींकडच्या खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुतला, पट्टीचे टोक घासून लखलखीत केले, आणि स्टार्टर भराभर फिरू लागला. म्हणजे जुनी बॅटरी निर्दोष होती. पण ट्रॅक्टर? तो ढिम्म!

इथे थोडे पुराण सांगणे भाग आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, डिझेलच्या इंजिनात नसते. सायकलला हवा भरताना पंपाचे टोक तापते हे आपण लहानपणी अनुभवलेले असते. तीच युक्ती इथे आहे. नुसती हवा सोळा-सतरा पट दाबली की ती ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापते, आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन इंजिनिअराने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे असे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. (बिचारा १९१३ साली इंग्लंडला जाताना रात्री बोटीवरून नाहीसा झाला, त्याचे गूढ अजून उकललेले नाही.) तेव्हा डिझेल इंजिन सुरू व्हायला तीनच गोष्टी लागतात : इंजिन पुरेसे जोरात फिरणे, हवा नीट दाबली जाणे आणि फवारा वेळेवर येणे. मेकॅनिक दुसरीला दोष देत होता, मी पहिलीला. तिसरीची चौकशी कोणी केलीच नव्हती.

ती केली मामांच्या ड्रायव्हरने. बराच वेळ तो तंबाखू मळत आमचा खेळ पाहत होता. शेवटी म्हणाला, “पाव्हणं, धूर कुठं येतोय?”

मी धुराड्याकडे पाहिले आणि शरमलो. स्टार्टर फिरत असताना धुराड्यातून पांढरा धूर येत असेल, तर डिझेल आत पोचते आहे पण पेटत नाही, असे समजावे; मग रिंगा झिजल्या, व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, नोझल ठिबकते, ही सारी शंका रास्त. पण धुराचा मागमूसच नसेल, तर डिझेल आत जातच नाही. भाकरी का करपली हे विचारायचे, पण आधी तव्यावर पीठ तरी पडले पाहिजे ना! इंजिन बंद करायचा दांडा अर्धवट ओढलेला राहिला नाही ना, हे पाहून घेतले. फिल्टर स्वच्छ होता.

“टाकी भरलेली असली का सकाळी बी लागतोय,” ड्रायव्हर पुढे म्हणाला. “निम्म्याखाली गेली का नाटकं.”

ह्या एका वाक्यात सगळे निदान होते. टाकीतली पातळी पंपाच्या खाली गेली की, जोडात बारीकशी फट असल्यास, रात्रभरात नळीतले डिझेल हळूहळू टाकीकडे उतरते आणि त्याच्या जागी हवा शिरते. गॅरेजच्या भाषेत ‘एअर घेतली’. नोझल उघडायला दर चौरस सेंटिमीटरला १७५ ते २०० किलोच्या आसपास दाब लागतो. डिझेल दाबले की तो दाब पुढे पोचतो. हवा मात्र स्पंजासारखी आकसते आणि नोझल मिटलेलेच राहते. गंमत अशी, की हवा आत ओढणाऱ्या फटीतून बाहेर थेंब पडत नाही. टाकी भरलेली असतानाच काय ती किंचित पाझरते. म्हणून मी नळीवरून बोट फिरवीत गेलो. फीड पंपाच्या अलीकडच्या जोडावर धुळीची ओलसर खपली सापडली. आत तांब्याचे दोन वॉशर, दाबले जाऊन जाऊन दगडासारखे कडक झालेले.

सणाच्या दिवशी दुकान कुठले उघडे! चिमट्यात धरून ते मामींच्या गॅसवर लाल केले आणि पाण्यात टाकले. तांबे असे मऊ होते. शेजारच्या शेगडीवर करंज्या तळणे चालू होते. आमचे वॉशर पाहून मामी एवढेच म्हणाल्या, “तेलात नको टाकूस म्हणजे झालं.” वॉशर बसवले. मग फिल्टरवरचा एअर-स्क्रू सैल करून पंपाची छोटी दांडी हाताने हलवीत राहिलो. आधी फेस आला, मग बुडबुडे, आणि शेवटी सलग डिझेल. स्क्रू घट्ट केला. नोझलकडच्या नळ्यांच्या चाक्या किंचित सैल करून स्टार्टर मारला आणि तिथलीही हवा काढली. हे करताना हात आणि तोंड लांब ठेवावे; त्या दाबाची धार कातडीत घुसते. गिअर न्यूट्रलला हवाच. आणि हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरण्याची युक्ती काही ठिकाणी करतात, ती मुळीच करू नये.

चाक्या आवळल्या. चौथ्या फेऱ्याला धुराड्यातून पांढरा भपकारा आला आणि ट्रॅक्टर धडधडू लागला. मामा तेलकट अंगानेच सीटवर चढले. त्यांना ओढून न्हाणीघरात नेताना मामींची पुरेवाट झाली.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. टाकी मुद्दाम निम्म्याखालीच ठेवली होती. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आम्ही तिघे धुराड्याकडे पाहत उभे राहिलो. ड्रायव्हरने स्टार्टर मारला आणि हा लगेच बोलला! दुपारपर्यंत चार एकर पेरून झाले. मेकॅनिकचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. रिंगा झिजल्या आहेत, पुढेमागे काम काढावेच लागेल. पण ते उन्हाळ्यात, हरभऱ्याचे पैसे हाती आल्यावर.

जुनी बॅटरी मामांनी टाकून दिलेली नाही. तिच्यावर गोठ्यातला दिवा लागतो, आणि कोणी पाहुणा आला की तो दाखवून मामा सांगतात, “हा आमच्या भाच्याचा दिवा.”