लायब्ररीच्या गजाली

आमच्या सावंतवाडीत पाहुणा गजाली मारायला बसला की वेळेचं भान राहत नाही. ते चालतं. पण दुसऱ्याने लिहिलेली जावा लायब्ररी माझ्या लॉगमध्ये गजाली मारायला लागली की डोकं फिरतं.

उदाहरण घ्या. लॉगबॅकला कॉन्फिगरेशन दिलंच नाही, तर तो डीबग लेव्हल धरतो. सोबत अपाचेचा एचटीटीपीक्लायंट ५ असेल, तर त्याचा वायर लॉगर प्रत्येक रिक्वेस्ट जशीच्या तशी छापतो, ऑथरायझेशन हेडरसकट! बेसिक ऑथ असेल तर पासवर्ड उघडा पडलाच म्हणून समजा.

यावर मंडळी काय करतात? रूट लेव्हल एरर करून मोकळी! कलकलाट गेला, पण आपल्याच कोडच्या वॉर्निंगही गेल्या. अरे, लॉगरला नाव असतं ते कशासाठी? फक्त 'ऑर्ग डॉट अपाचे डॉट एचसी' या नावाला वॉर्न लेव्हल द्या. एका ओळीचं काम आहे.

आणि लायब्ररी लिहिणाऱ्यांनो, तुम्ही एसएलएफफोरजेच्या एपीआयपाशीच थांबा. जारमध्ये स्वतःची लॉगिंग कॉन्फिग फाइल कोंबू नका. घर माझं आहे, आवाज किती ठेवायचा ते मी ठरवणार!