पाण्यासाठी नव्हे, पाण्याकाठी

"फिरायला? आणि ते कशाला गं? जन्मभर फिरलेच की मी!"

आमच्या आत्याबाईंचं हे उत्तर ऐकून माझी बोलतीच बंद झाली. नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन हरिपूरला जाऊ, नदीकाठानं थोडं चालू, संगमेश्वराचं दर्शन घेऊ आणि संध्याकाळी परत येऊ, एवढाच साधा बेत होता. पण त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडून आल्यावर डोक्यावर घागर आणि काखेत कळशी घेऊन त्या पाण्यासाठी कोस-कोस चालल्या. जत तालुक्यातल्या कुठल्याही आजीला विचारा, तिच्या पायांनी किती वाट तुडवली याचा हिशेब लागायचा नाही.

मैत्रिणींनो, विचार करून बघा. आपल्याकडची बाई चालते ती पाण्यासाठी, सरपणासाठी, शिवारात भाकरी पोचवण्यासाठी. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला किंवा पंढरीला पायी जाते तीही नवसापोटी, पुण्यासाठी. नुसतं चालायला बरं वाटतं म्हणून, मुलांना चार झाडं दाखवायची म्हणून, स्वतःसाठी ती कधी चालते का? शहरातल्या बायका डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तरी सकाळी बूट घालून बाहेर पडतात. गावात एखादी सून उगाच फिरताना दिसली, तर पारावरच्या चार माना वळतातच!

म्हणून आज या पानावर पाककृती नाही, रुखवत नाही. आज एक वाट सांगायची आहे.

सांगलीच्या एस.टी. स्टँडवर उतरून आधी गणपतीचं दर्शन घ्यावं. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी उभारलेलं हे मंदिर तुम्ही बघितलंच असेल. तिथून हरिपूरचा रस्ता धरायचा. अंतर चारेक किलोमीटर. रस्ता सपाट आहे, चढ-उतार नाही, जुन्या झाडांची सावली अधूनमधून सोबत करते. सहा-सात वर्षांचं पोरही कुरकुर न करता चालतं, फक्त मध्ये एकदा शेंगदाण्याची पुडी हातात द्यावी लागते! वडीलधाऱ्यांना रिक्षानं पुढं पाठवता येतं. रस्त्याला वाहनं असतात, तेवढं मुलांचं बोट सोडू नये.

गाव संपता संपता संगमेश्वराचं देऊळ लागतं आणि खाली दगडी घाट. महाबळेश्वरहून निघालेली कृष्णा आणि चांदोलीच्या डोंगरांतून आलेली वारणा, दोघी इथं भेटतात. श्रावणी सोमवारी इथं मोठी गर्दी असते. इतर दिवशी मात्र निवांतपणा. दोन नद्यांचे दोन रंग पाण्यात कुठवर वेगळे दिसतात, हे शोधत आमची चिंगी अर्धा तास एका जागी बसून होती. घरात पाच मिनिटं न बसणारी पोर!

हरिपूर दोन गोष्टींसाठी नावाजलेलं. एक म्हणजे हळदीची पेवं. जमिनीत खोल खणलेल्या या खड्ड्यांत हळद भरायची, तोंड मातीनं बंद करायचं, की वर्षानुवर्षं तिला कीड लागत नाही. आत हवाच खेळत नाही, तर कीड जगणार कशी? पेव उघडलं तरी लगेच कुणी आत उतरत नाही, कोंडलेली हवा आधी जाऊ देतात. फ्रीज नव्हते तेव्हाचं हे शहाणपण! २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली, बरीच पेवं कायमची निकामी झाली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा या मातीतल्या कोठारांची आठवण पुन्हा निघाली. आपण रोज फोडणीत टाकतो ती चिमूटभर हळद कुठून कुठून आलेली असते, हे मुलांना पुस्तकात वाचण्यापेक्षा इथं सांगावं.

दुसरी गोष्ट म्हणजे नाटककार गोविंद बल्लाळ देवल. १८५५ साली त्यांचा जन्म याच हरिपुरात झाला. त्यांचं 'संगीत शारदा' १८९९ मध्ये रंगभूमीवर आलं. पैशाच्या लोभानं बाप आपली कोवळी पोर एका म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो, अशी ती गोष्ट. तेव्हा हे घरोघर चालायचं आणि त्याविरुद्ध बोलायची सोय नव्हती. देवलांनी शारदेला बोलतं केलं. पुढं १९२९ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा आला. तो 'शारदा कायदा' म्हणून ओळखला जातो म्हणून अनेकांना तो या नाटकावरूनच आला असं वाटतं. खरं तर ते नाव विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांच्यावरून पडलं. त्या कायद्यात मुलीचं वय चौदा होतं, आज ते अठरा आहे.

हे सगळं मी घाटाच्या पायरीवर बसून माझ्या पुतणीला सांगत होते. ती नववीत आहे. ती म्हणाली, "काकू, आमच्या वर्गातल्या एका मुलीचं लग्न ठरलंय. तिचे आई-बाप ऊसतोडीला जाणार आहेत, मागं तिला एकटीला कुठं ठेवायचं म्हणून." मी गप्प झाले. एकशे पंचवीस वर्षं झाली की शारदेला! तिच्या बापाला पैशाचा लोभ होता, या बापाला काळजी आहे. पण मुलगी दोन्हीकडं तीच. परत आल्यावर मी शाळेतल्या बाईंना भेटले. बाईंनी मुलीच्या आईला बोलावून घेतलं, मुलीला वसतिगृहात ठेवता येईल का ते बघायला सुरुवात झाली आहे. पुढं काय होईल ते होईल, पण ही गोष्ट पुतणीनं मला घरी कधीच सांगितली नसती. घरी ती तिच्या मोबाइलमध्ये आणि मी माझ्या भाकऱ्यांत असते. चालताना माणूस शेजारी असतो, समोर नसतो. म्हणून मनातलं सहज बाहेर येतं. मला तरी या चालण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच वाटला.

आता थोडं काळजीचं. कृष्णेचा काठ दिसतो तितका भोळा नाही. या पात्रात मगरी आहेत. तेव्हा मुलांनी पायरीवर बसून पाणी बघावं, आत उतरू नये, आणि एकट्यानं तर नाहीच. पावसाळ्यात हा बेत आखूच नका. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. सकाळी लवकर निघावं, भाकरी-चटणी आणि पाणी बरोबर ठेवावं. आणि खाऊन झाल्यावर कागद, पिशव्या परत न्याव्यात. आपण निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीसकट नदीत सोडतो आणि वर तिला माय म्हणतो, हे बरं नव्हे.

खर्चाचं म्हणाल, तर मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवासच मोफत. म्हणजे घरच्यांचं एक कारण तरी कमी झालं! हरिपूरच हवं असंही नाही. भिलवडी-औदुंबरचा काठ आहे, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे. तेही नको असेल, तर आपली बोर नदी आहेच. पाऊस चांगला झाला की महिना-दोन महिने तिच्या काठानंही चालता येतं.

पण एक मागणं गावोगावच्या ग्रामपंचायतींकडे जरूर आहे. घाट बांधता, कमानी उभारता, नावाच्या पाट्या लावता. तिथं बायकांसाठी एक स्वच्छ स्वच्छतागृह आणि सावलीत एक बाक का नसतो? अडचण कुठं करायची या धास्तीनं बाई दिवसभर पाणी पीत नाही, मग ती फिरायला येणार कशी? ग्रामसभेला आता बायका जातात, निम्म्या जागांवर निवडूनही येतात. हा विषय त्यांनीच लावून धरायला हवा. पुरुषांना तो सुचणार नाही, कारण त्यांना तो कधी नडत नाही.

आणि हो, आत्याबाई आल्या बरं का! नको नको म्हणत रिक्षातून आल्या आणि सगळ्यात उशिरा घाटावरून उठल्या. बराच वेळ पाण्याकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "एवढं पानी नुसतं चाललंय बघ. आन् आमी घागरीसाठी भांडत हुतो." म्हैसाळहून उचललेलं हेच कृष्णेचं पाणी आपल्या तालुक्यात काही भागांत पोचलं आहे, बाकीची गावं अजून वाटच बघताहेत, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ओंजळीत थोडं पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि म्हणाल्या, "पुढच्या येळंला रिक्षा नको. चालत येते मी."

चला तर मग. या सुट्टीत घागर घरी ठेवा आणि चालून या.