पत्ता बदलला, घर तेच!

आमच्या बंड्याने, म्हणजे माझ्या भाच्याने, आपल्या आजीसाठी एक घंटा केली होती. रात्री आईला उठायचे झाले की तिने उशाची कळ दाबायची आणि आमच्या खोलीत घंटा वाजायची. तिच्यामागे होता रास्पबेरी पाय नावाचा, पत्त्याच्या पानाएवढा संगणक आणि त्यात लिनक्स. दोन वर्षे घंटा इमानाने वाजली. मग तो २०१२ सालचा संगणक बिघडला. बंड्याने मित्राकडून २०१५ सालचा नमुना आणला, लिनक्स त्याच्यासाठी नव्याने बांधले, कळीची आज्ञावली मात्र जुनीच ठेवली. घंटा मुकी!

"मामा, कळ शाबूत आहे, पण लिनक्सला ती सापडत नाही."

"पत्ता चुकला असेल," मी आपला मराठीचा मास्तर, सहज बोलून गेलो. आणि वाचकहो, खरोखरच पत्ता चुकला होता!

संगणकात स्मृतीला आणि उपकरणांना एकाच रांगेतले घरक्रमांक असतात. जुन्या नमुन्यात उपकरणांची आळी बरोबर ५१२ मेगाबाइटांच्या वेशीवर होती. सोळाच्या हिशेबात कळीचे दार २०२०००००. नव्यात स्मृती १ गिगाबाइट, म्हणून त्या जागी साधी स्मृती राहायला आली आणि आळी वर, ३एफ०००००० ला गेली. जुन्या पत्त्यावर उपकरण मागताच लिनक्सने साफ नकार दिला आणि नोंदवहीत शेरा मारला.

बंड्याने माहितीपुस्तिका उघडली. तिच्यात पत्ता ७ई२०००००. तो घातला, तर यंत्रच कोसळले!

"राहू दे रे, मी हाक मारीन," आई म्हणाली. तिसऱ्या सकाळी कळले, की ती पहाटेपर्यंत अंथरुणात बसून होती. हाक मारली तर कोणाची तरी झोप मोडेल म्हणून!

त्या दिवशी बंड्या जेवायलाही उठला नाही. संध्याकाळी उलगडा झाला. पुस्तिका खोटी नव्हती. तिच्यातला पत्ता चिपच्या आतल्या वाहिनीचा होता. प्रोसेसर तेच घर ३एफ२००००० म्हणून ओळखतो, आणि लिनक्स आज्ञावलीच्या हाती देते तो तिसराच, आभासी पत्ता. नाम एकच, विभक्ती तीन! पहिल्या दोहोंचे भाषांतर 'डिव्हाइस ट्री' नावाच्या नोंदपत्रात 'रेंजेस' या ओळीत लिहिलेले असते: ७ई०००००० म्हणजे ३एफ००००००, लांबी १६ मेगाबाइट. 'आयओमेम' या यादीशी बंड्याने ते ताडून पाहिले. मग आज्ञावलीतला पाठ केलेला आकडा खोडला आणि पत्ता नोंदपत्राला विचारून घेण्याची सोय केली. उद्या आळी पुन्हा हलली, तर नोंदपत्र बदलेल. आज्ञावलीला हात लावायला नको.

त्या रात्री दोन वाजता घंटा घणघणली. आम्ही सारे धावलो. आई शांतपणे उशाला टेकून बसली होती.

"काही नाही रे," ती म्हणाली, "वाजते का, ते पाहात होते."