तेलाच्या डब्यात काटकसर नको

कापडाच्या व्यापाऱ्याने स्टीलच्या कारागिराला तेलाविषयी सांगावे, हे काही बांधवांना आवडणार नाही. पण कापड रंगविण्याची भांडी स्टेनलेस स्टीलचीच असतात आणि त्यांची किंमत आम्ही मोजतो.

३०४ जातीचे स्टील साध्या लोखंडासारखे नाही. दाबले, ओढले की ते कठीण होत जाते, डायला चिकटते आणि पत्र्यावर ओरखडे उठतात. जुने इंजिन ऑइल तेथे टिकत नाही. खोल ओढकामाला दाट, जबर दाब सोसणारे तेल हवे. क्लोरीनयुक्त तेल हे काम चोख करते, परंतु वेल्डिंग किंवा भट्टीपूर्वी ते पूर्ण धुतले पाहिजे. राहिले तर स्टीलला बारीक खड्डे पडतात, खड्ड्यांत रंग साचतो आणि पुढच्या थानावर डाग येतो. धुण्याची सोय नसलेल्याने हे तेल घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आटे पाडताना गंधकयुक्त कटिंग ऑइल बरे. लेथवर वेगाचे काम असेल तर पाण्यात मिसळणारे घ्यावे, कारण तेथे थंडावा महत्त्वाचा. (तेल पाण्यात ओतावे, पाणी तेलात नव्हे.) मात्र बोथट टूल स्टीलला नुसते घासून आणखी कठीण करते, तेथे महागडे तेलही हात टेकते.