भेटीलाही मुदत हवी

अमरावतीत एका पित्याने तीन वर्षांच्या मुलाला आईकडून नेले आणि आईने अपहरणाचा गुन्हा नोंदवला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर 2023 मध्ये तो रद्द केला. न्यायालयाची मनाई नसेल तर नैसर्गिक पालक असलेल्या बापाने आपलेच मूल नेणे अपहरण ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय. कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबरच आहे. नवराबायकोच्या भांडणात फौजदार बसवून आजवर कुठल्या लेकराचे भले झाले? पण फौजदारी दार बंद झाल्यावर मुलाची ताटातूट झालेल्या आईला किंवा बापाला बहुतेक वेळा कौटुंबिक न्यायालयाचीच पायरी चढावी लागते, आणि तिथे पहिली भेट किती दिवसांत मिळावी याला कायद्याने मुदतच घातलेली नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 मध्ये 2001 साली दुरुस्ती झाली. मुलांचे पालनपोषण आणि शिक्षण यांसाठीचा अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे शाळेच्या फीला मुदत आहे. मुलाच्या भेटीला मात्र नुसती तारीख.

ही उणीव किरकोळ वाटेल, पण ताब्याच्या खटल्याचा खरा निकाल पुष्कळदा याच काळात लागून जातो. तीन वर्षांच्या मुलाचे दीड वर्ष तारखांत गेले, तर त्याच्या निम्म्या आयुष्याइतका काळ गेला. तेवढ्यात दूरचा पालक परका होतो, आणि मग ‘मूल त्याला ओळखत नाही’ हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा बनतो. केरळातील एका खटल्यात हे ठळकपणे दिसले. मूल 2012 मध्ये जन्मले, ते लहान असतानाच आईवडील वेगळे झाले, आईने पुन्हा लग्न केले. मधली काही वर्षे दृष्टीआड असलेले वडील 2019 नंतर न्यायालयात गेले. कौटुंबिक न्यायालयाने ताबा आईला दिला, उच्च न्यायालयाने वडिलांना. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वडिलांच्या बाजूने कौल दिला. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील मानसतज्ज्ञांचे अहवाल आले: आईपासून तुटण्याच्या भीतीने मुलगा ढासळत होता. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विलोकनात स्वतःचाच आदेश फिरवला. पुनर्विलोकन अर्ज मान्य होणे किती दुर्मीळ, हे वकिलांना सांगायला नको. वडिलांच्या भेटींचा मार्ग मात्र न्यायालयाने बंद केला नाही. ताबा हुकमाने बदलतो, ओळख तशी होत नाही, हे ध्यानात यायला मुलाला इतका त्रास सोसावा लागला.

यावर सर्वांत सबळ आक्षेप असा की, जो बाप किंवा जी आई वर्षानुवर्षे फिरकली नाही तिच्यासाठी घाई कशाला? आक्षेप रास्त आहे आणि म्हणूनच आमची मागणी ताब्याची नाही, भेटीच्या निर्णयाची आहे. स्वतःहून पाठ फिरवलेला पालक आणि भेटू न दिलेला पालक यांतला फरक लवकर चौकशी केली तरच कळतो. चार वर्षांनी दोन्ही बाजू शपथपत्रांवर शपथपत्रे घालतात आणि खरे काय ते कुणालाच सांगता येत नाही. घरात मारहाण झाली असेल, तर ते कळण्यासाठीही हीच चौकशी हवी. मग निर्णय ‘भेट नाही’ असाही असू शकेल. दुसरा आक्षेप मुलाच्या नकाराचा. पालक आणि पाल्य कायदा, 1890 नुसार समजत्या मुलाची पसंती विचारात घेता येते, ती घेतलीच पाहिजे. पण नकार अनुभवातून आला की शिकवणीतून, हे न्यायाधीशांच्या दालनातल्या दहा मिनिटांत कसे कळणार? ‘मुलाचे कान भरले’ हा आरोप हल्ली सर्रास होतो. अशा वागणुकीची नेमकी उदाहरणे समोर नसताना कुणावरही तो शिक्का मारू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये बजावले आहे. ती उदाहरणे शोधायला वेळ आणि प्रशिक्षित माणूस लागतो.

तो माणूस कायद्याने दिलेला आहे. कौटुंबिक न्यायालय कायदा, 1984 मध्ये समुपदेशकांची आणि तज्ज्ञांच्या मदतीची तरतूद आहे. पण समेट घडवण्यासाठी नेमलेल्या समुपदेशकाकडेच नाते हळूहळू पुन्हा बांधण्याचे काम सोपवायचे, तर त्याला वेगळे प्रशिक्षण, हातातल्या प्रकरणांना मर्यादा आणि मुलाला भीती वाटणार नाही अशी खोली द्यावी लागेल. सुरुवातीला व्हिडिओ कॉल, मग समुपदेशकासमोर अर्धा तास, मग काही तास बाहेर. प्रत्येक टप्प्यानंतर अहवाल, आणि मूल बिथरले तर एक पाऊल मागे. न्यायालयांवर आधीच भार आहे, हे खरे. पण भेट वेळेत न ठरल्याने होणारे अर्ज, अवमान याचिका आणि अपिले हाही त्याच भाराचा भाग आहे. विधी आयोगाने मे 2015 मध्ये 257 व्या अहवालात ताब्याच्या कायद्यातील सुधारणा सुचवल्या होत्या. संसदेने त्यांचा कायदा केलेला नाही. तिची वाट पाहण्याचे कारणही नाही. 1984 च्या कायद्याचे कलम 21 कार्यपद्धतीचे नियम करण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला देते. पहिल्या भेटीच्या अर्जावर साठ दिवसांत समुपदेशकाच्या अहवालासह कारणे देऊन निर्णय व्हावा, हा नियम मुंबई उच्च न्यायालय करू शकते, आणि त्याची पहिली चाचणी नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात घेता येईल.